पंखा, चौदा चिठ्ठ्या आणि मी

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी ‘चिठ्ठ्या वाचते’ असं सांगते. बहुतेकांना मी टपाल खात्यात आहे असं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. कधीतरी एखादा चिवट माणूस भेटतो, मग खरं सांगावं लागतं. मी एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, सतरा वर्षं काम करते आहे. त्यातली शेवटची चार वर्षं त्या वनस्पतींसोबतच्या चिठ्ठ्या संगणकावर चढवण्यात गेली. रोज सत्तर-ऐंशी होतात. अक्षर वाईट असेल तर तीस.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘वाळक्या पानांचं करायचं काय?’ पूर्वी मी यावर छोटंसं भाषण द्यायचे. आता पंख्याची गोष्ट सांगते. इथेही सांगणार आहे, पण शेवटी. ती सांगायला मला अजून जरा धीर गोळा करावा लागतो.

आधी शीट म्हणजे काय ते सांगते. साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरचा जाड, आम्लविरहित कागद. त्यावर दाबून वाळवलेली फांदी, शक्यतो फुलं-फळांसकट, डिंकाने आणि कापडी पट्ट्यांनी बसवलेली. गळलेल्या बिया-पाकळ्यांसाठी कागदाची एक पुडी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी, कितवा नमुना, आजूबाजूला काय होतं, फुलाचा रंग कोणता. रंग लिहावाच लागतो, कारण वाळल्यावर बहुतेक फुलं तपकिरी होतात. पन्नास वर्षांनी ‘फिकट जांभळं’ हे दोन शब्द सोडले तर त्या रंगाचा दुसरा कुठलाही पुरावा उरलेला नसतो.

नंतर कुणी तज्ज्ञ येऊन म्हणतो, हे नाव चूक आहे. तो जुनी चिठ्ठी काढत नाही, खोडतही नाही. शेजारी आपली छोटी चिठ्ठी चिकटवतो, नाव आणि वर्ष घालून. तीस वर्षांनी तिसरा येतो आणि दोघांनाही चूक ठरवतो. काही शीट्सवर अशा पाच-सहा चिठ्ठ्यांची उतरंड असते. इतक्या सभ्यपणे चाललेलं भांडण मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

इतर संग्रहांमध्येही हीच रीत, फक्त चिठ्ठीची जागा बदलते. पक्ष्याच्या कातडीत कापूस भरतात, पाय एकावर एक ठेवून बांधतात आणि त्या पायांना चिठ्ठी लटकवतात. कीटक टाचणीवर असतो, त्याच टाचणीत त्याच्याखाली नखाएवढ्या कागदावर मुंगीच्या पायासारख्या अक्षरात गाव आणि तारीख. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बेडकाची चिठ्ठी बरणीच्या आत, बेडकाबरोबरच बुडालेली असते. बाहेर चिकटवलेली कधीतरी सुटून पडणारच. आतली चिठ्ठी पेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहितात. बॉलपेनने लिहिलेलं अल्कोहोलमध्ये विरघळून जातं, हे कुणीतरी कुठेतरी रडून शिकलेलं असणार.

पुरातत्त्व विभागातली माझी मैत्रीण खापराच्या तुकड्यांवर शाईने आकडे लिहिते: कोणता खड्डा, कोणता थर. तिचं म्हणणं असं की थर माहीत असलेलं फुटकं खापर तिला चालेल, पण चोरांनी उकरून विकलेली अख्खी मूर्ती तिच्या फारशा कामाची नाही. मूर्ती सुंदर असेल, पण तिच्याशेजारी काय होतं, खाली राख होती की धान्य होतं, हे कायमचं गेलं.

चिठ्ठीचा आळस भल्याभल्यांना भोवलाय. डार्विनने १८३५ साली गालापागोस बेटांवर फिंच पक्षी जमवले, पण कोणता पक्षी कुठल्या बेटावरचा याची नोंद बहुतेकांच्या बाबतीत ठेवलीच नाही. त्या वेळी त्याला ती गरजेची वाटली नसावी. १८३७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने हे पक्षी तपासले. हे एकमेकांच्या नात्यातले पण वेगवेगळ्या जातींचे फिंच आहेत, असं त्याने सांगितलं आणि बेटाच्या नावाला एकदम सोन्याचं मोल आलं. मग डार्विन बोटीवरच्या इतरांच्या संग्रहांकडे वळला. कप्तान फिट्झरॉयचे पक्षी होते आणि डार्विनचा नोकर सिम्स कव्हिंग्टन याचेही होते. त्यांच्या पक्ष्यांवर बेटांची नावं होती. नोकराने मालकापेक्षा नीट चिठ्ठी लिहिली, ही माझी अत्यंत आवडती गोष्ट आहे आणि नव्या मुलांना मी ती पहिल्याच दिवशी ऐकवते.

डार्विनचा समकालीन निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड वॉलेस मात्र याबाबतीत आमच्या पंथातला. अॅमेझॉनहून परतल्यावर १८५२ साली त्याने तिथल्या माकडांवर निबंध वाचला. त्यात त्याची तक्रार हीच होती की संग्रहालयांत आणि पुस्तकांत नमुन्यांचं ठिकाण ‘ब्राझील’, ‘पेरू’, ‘दक्षिण अमेरिका’ एवढंच लिहिलेलं असतं. नदीच्या कुठल्या काठावरचं माकड ते सांगा, असं त्याचं म्हणणं, कारण या काठावरची जात समोरच्या काठावर नसते हे त्याने पाहिलं होतं. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा अॅमेझॉनमधला बराचसा संग्रह परतीच्या प्रवासात बोटीला आग लागून समुद्राच्या तळाशी गेला होता. हा माणूस तरीही पुन्हा निघाला. मलय द्वीपसमूहात आठ वर्षं राहिला आणि १,२५,६६० नमुने घेऊन आला. त्यांतले ८,०५० पक्षी.

यांतले हजारो पक्षी वॉलेसने स्वतः धरलेले नाहीत. ते त्याच्या सहायकांनी, मुख्यतः अली नावाच्या तरुणाने मिळवले. पुढे वॉलेसच्या नावाने ओळखला गेलेला पंखांवर पांढरी निशाणं असलेला स्वर्गीय पक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) १८५८ साली आधी अलीच्या हाती लागला आणि त्याने तो वॉलेसला आणून दाखवला. वॉलेसने हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. बाकीच्या हजारो चिठ्ठ्यांवर ‘संग्राहक’ या शब्दापुढे साहेबाचं नाव असतं आणि झाडावर चढलेला, वाट दाखवलेला, स्थानिक नाव सांगितलेला माणूस गायब असतो. जुन्या चिठ्ठ्या चढवताना मला हे रोज दिसतं. कधी एखाद्या कडेला लिहिलेलं असतं, ‘वाटाड्याच्या मते याची साल तापावर देतात.’ वाटाड्याला नाव नाही. संगणकाच्या अर्जात आम्ही आता ‘इतर सहभागी’ असा रकाना घातला आहे. तो बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

वॉलेसच्या पक्ष्यांपैकी काही इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात होते. जून २००९ मध्ये एक तरुण तिथली खिडकी फोडून आत शिरला आणि २९९ पक्ष्यांच्या कातड्या बॅगेत भरून घेऊन गेला. मासे धरण्याच्या गळाला रंगीत पिसं गुंडाळून कृत्रिम माश्या बनवण्याचा एक छंद आहे, त्यासाठी. सुमारे दीड वर्षाने तो सापडला, बरेचसे पक्षीही सापडले. पण त्यांतल्या अनेकांच्या पायांवरच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या. ही बातमी वाचली तेव्हा मला चोरीपेक्षा कात्रीचा राग आला. पिसं विकणाऱ्याला चिठ्ठी म्हणजे पुरावा, म्हणून नकोशी. चिठ्ठी आमच्यालेखीही पुरावाच आहे, म्हणून तर एवढा आटापिटा.

आता वाळक्या पानांचं करायचं काय, या प्रश्नाकडे येते. माझ्याकडे याचं सर्वात चांगलं उत्तर पानांचं नाही, अंड्यांचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत फुटकी अंडी दिसू लागली. पक्षी कमी होत होते. कीटकनाशकांचा संशय होता, पण सिद्ध कसं करणार? फुटकं अंडं आज दिसतंय. पूर्वी असंच फुटत नसेल कशावरून? डेरेक रॅटक्लिफ नावाच्या संशोधकाने जुन्या अंड्यांकडे मोर्चा वळवला. अंडी गोळा करणं हा तिकडे एकेकाळी प्रतिष्ठित लोकांचा छंद होता. पुढे रानपक्ष्यांची अंडी उचलणं कायद्याने गुन्हा ठरलं आणि हे लोक पक्षीप्रेमींच्या शिव्यांचे धनी झाले. पण त्यांच्या कपाटांत हजारो अंडी होती, आतला बलक फुंकून काढलेली, प्रत्येकाची तारीख आणि ठिकाण लिहिलेलं.

कवचाची जाडी मोजायची तर अंडं फोडावं लागणार आणि कुठलाही संग्राहक ते फोडू देणार नाही. रॅटक्लिफने सोपा उपाय काढला: रिकाम्या कवचाचं वजन करायचं आणि लांबी गुणिले रुंदीने भागायचं. सारख्याच आकाराचं कवच हलकं भरलं तर ते पातळ. ही आकडेवारी वर्षांप्रमाणे मांडल्यावर दिसलं की दशकानुदशकं जवळपास सपाट चाललेली रेष १९४७ च्या सुमारास अचानक खाली कोसळते. बहिरी ससाण्याचं कवच जवळपास पाचव्या हिश्शाने हलकं झालं होतं. डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो हाच काळ. रॅटक्लिफचा शोधनिबंध १९६७ साली आला, लगोलग अमेरिकेतल्या संग्रहांतूनही तसंच चित्र पुढे आलं आणि १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली.

ज्यांनी १९०५ साली किंवा १९२० साली ती अंडी उचलली त्यांच्या स्वप्नातही डीडीटी नव्हतं. काही जणांना तर नुसती हौस होती. पण तारीख लिहायची शिस्त होती. त्या तारखा नसत्या तर ती कपाटं म्हणजे निव्वळ टरफलांचा ढीग.

अशी उदाहरणं हवी तेवढी आहेत, भराभर सांगते. १९१८ च्या महासाथीच्या फ्लूचा विषाणू कसा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा मेणात घालून जपून ठेवलेला होता. त्यातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे १९९७ साली वाचले गेले. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाला कारण ठरलेल्या रोगाचा नेमका वाण २०१३ साली ओळखला गेला, तो एकोणिसाव्या शतकात वाळवून ठेवलेल्या रोगट पानांवरून. (रोगट पान वाळवून ठेवणारा तो कोण भला माणूस! आम्ही तर निरोगी, देखणी फांदी शोधत बसतो.) शिकागोच्या दोन संशोधकांनी १,३०० हून अधिक जुन्या पक्ष्यांच्या छातीवरची काजळी मोजून १३५ वर्षांतल्या कोळशाच्या धुराचा आलेख काढला. आणि हर्बेरियममधल्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं मोजून, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी दोनशे वर्षांत ती छिद्रं कमी झाली, हे १९८७ साली दाखवलं गेलं. म्हणजे पान हवेबद्दल साक्ष देत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

पण साक्षीदार खोटं बोलला तर? हा प्रश्न मला जास्त छळतो, आणि त्याचं उत्तर एका घुबडात आहे.

रानपिंगळा. मध्य भारतातलं लहानसं घुबड. १८७२ साली एक नमुना मिळाला, १८७३ साली अॅलन ह्यूमने त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढच्या काही वर्षांत मोजके नमुने मिळाले. जगभरातल्या संग्रहांत मिळून सातच. त्यांतले काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने जमवलेले, शेवटचा १८८४ चा. आणि एक वेगळाच: रिचर्ड माइनर्ट्सहागन या कर्नलचा, चिठ्ठीवर गुजरातेतलं मांडवी आणि साल १९१४. हा कर्नल मोठा माणूस होता. युद्धाच्या कथा, हेरगिरीच्या कथा, आणि सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह त्याने लंडनच्या संग्रहालयाला दान केलेला.

रानपिंगळा त्यानंतर कुणाला दिसला नाही. लोक शोधत राहिले आणि शोधताना साहजिकच सर्वात अलीकडच्या नोंदीवर भरवसा ठेवत राहिले. म्हणजे मांडवीच्या.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीतज्ज्ञ भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर काम करत होती. कर्नलच्या नमुन्यांत काहीतरी गडबड आहे अशी कुजबुज जुनीच होती. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते पक्षी उघडून, क्ष-किरणांखाली घालून पाहिले. पक्षी भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते: कापूस किती, कुठे, टाके कसे, पंखांची घडी कशी. हस्ताक्षरच ते. कर्नलच्या पक्ष्यांमध्ये दुसऱ्यांची हस्ताक्षरं सापडू लागली. त्याने संग्रहालयातूनच पक्षी चोरले होते, काही उसवून पुन्हा भरले होते आणि नव्या खोट्या चिठ्ठ्या लावून आपले म्हणून परत दिले होते. मांडवीचं घुबड हे डेव्हिडसनच्या १८८४ च्या घुबडांपैकीच एक निघालं.

याचा उपयोग बघा कसा झाला. मांडवी यादीतून बाद. उरली खरी ठिकाणं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले, काही मिळालं नाही, मग पश्चिमेला खानदेशात आले. २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी एका बोडक्या झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी. आणि दिवसाढवळ्या.

मला यात शोधाच्या आनंदापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त लागून राहतं. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या तर कपाटात होत्याच. १८८४ पासून त्या खरं बोलत होत्या. एका खोट्या चिठ्ठीने त्यांचा आवाज दाबून टाकला, इतकंच.

प्रत्येक चूक लबाडीतून होते असंही नाही. कुठल्याही जातीचं शास्त्रीय नाव एका विशिष्ट नमुन्याला जोडलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात. आमच्याकडे टाइप शीट्स लाल कडेच्या फोल्डरमध्ये असतात आणि आग लागली तर आधी काय बाहेर काढायचं ते त्या लाल कडेवरून कळतं. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली आशियाई हत्तीला नाव देताना स्टॉकहोममधला बरणीतला हत्तीचा गर्भ आधाराला घेतला होता. अडीचशे वर्षांनी त्याचे प्रथिनं-डीएनए तपासले तर तो निघाला आफ्रिकन. मग २०१३ मध्ये फ्लॉरेन्समधल्या एका सांगाड्याला टाइपचा मान मिळाला. जॉन रे या निसर्गतज्ज्ञाने १६६४ साली तो सांगाडा पाहून त्याचं वर्णन केलं होतं आणि तेच लिनियसने वापरलं होतं. हत्तीला यातलं काही कळलं नाही, पण नावाचा गुंता सुटला.

सांभाळणं म्हणजे नेमकं काय, असंही विचारतात. मुख्यतः किड्यांशी युद्ध. नवीन आलेलं प्रत्येक बंडल आठवडाभर उणे वीसच्या फ्रीझरमध्ये, मगच कपाटात. कपाटाची दारं उगाच उघडी ठेवायची नाहीत. टेबलावर खाणं-पिणं नाही. पूर्वी डांबरगोळ्या ठेवायचे. त्यांचा वास माझ्या जुन्या ओढणीला अजून येतो. त्याहीपूर्वी पक्ष्यांच्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण आणि शीट्सना पाऱ्याचं क्लोराइड फासायचे, त्यामुळे जुना माल हातमोज्यांशिवाय हाताळत नाही. प्राणी विभागात तर एक विनोद आहे: कातड्या फस्त करणारे भुंगेरे हे त्यांचे पहिल्या नंबरचे शत्रू आणि तेच भुंगेरे वेगळ्या बंद खोलीत मुद्दाम पाळलेले, हाडांवरचं मांस साफ करायला. त्या दोन खोल्यांमधलं दार नीट बंद आहे ना, हे बघण्यासाठी एक माणूस आयुष्यभर झोप घालवतो.

आणि आग. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोतलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, दोनशे वर्षांचं, सुमारे २ कोटी वस्तूंचं. उल्का वाचली, ती अग्नीतून आधीच आलेली होती. हर्बेरियम दुसऱ्या इमारतीत होतं म्हणून वाचलं. कीटकांचा संग्रह गेला. आता कुणीच बोलत नाही अशा भाषांची ध्वनिमुद्रणं गेली. मी त्या रात्री फोनवर ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहत होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी फारसं बोललं नाही. बर्लिनचं हर्बेरियम मार्च १९४३ मध्ये बॉम्बखाली असंच गेलं होतं. त्यातल्या पुष्कळ टाइप नमुन्यांचे फोटो शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ पासून काढवून घेतले होते. आज त्यांतल्या बऱ्याच वनस्पतींचा तेवढाच काळा-पांढरा फोटो उरला आहे. फोटोतून डीएनए निघत नाही. पण चिठ्ठी वाचता येते. माझी चार वर्षांची हमाली कशासाठी आहे ते यावरून कळावं.

न पाहिलेलंही किती आहे! अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्मी आधीच कुठल्या ना कुठल्या हर्बेरियममध्ये पडून असावीत, असा अंदाज २०१० सालच्या एका शोधनिबंधात होता. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात पकडलेल्या एका भुंगेऱ्याला नाव मिळालं २०१४ मध्ये. १८२ वर्षं तो टाचणीवर वाट बघत होता. ही बाब उमेद देणारी आहे की लाजिरवाणी, हे माझं अजून ठरलेलं नाही. दिवसावर अवलंबून आहे.

बरं, पंखा.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका जुन्या मोहिमेतल्या शीट्स नव्या कागदावर बसवायच्या होत्या. जुना डिंक वाळून चिठ्ठ्या सुटल्या होत्या. मी टेबलावर चौदा कागद मांडले, प्रत्येकावर रोप आणि शेजारी त्याची चिठ्ठी, आणि डिंक आणायला गेले. परत आले तोवर उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा लावला होता.

रोपं जड होती, हलली नाहीत. चिठ्ठ्या सगळ्या जमिनीवर.

वेगवेगळ्या वनस्पती असत्या तर नावावरून जुळवता आल्या असत्या. पण चौदाही शीट्स एकाच गवताच्या. संग्राहक एक, महिना एक, ठिकाणं चौदा. मी दार लावून घेतलं आणि अंदाजाने चिठ्ठ्या ठेवायला लागले. ही जरा पिवळट, ही या उंच रोपाची असेल. तीन चिकटवून झाल्या होत्या. कुणाला कधीच कळलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेवढ्यात बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या तेव्हाच्या क्युरेटर. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

त्यांनी तिसऱ्या शीटवर बोट ठेवलं. “ही याचीच, हे तुला कशावरून कळलं?”

मी म्हटलं, “अंदाजाने.”

“मग चिठ्ठीवर तसं लिहिलंस का?”

पुढचे दोन आठवडे मी त्या संग्राहकाची शेतवही वाचली. मोहिमेवर असताना रोज संध्याकाळी लिहिलेली वही, डासांचे डाग पडलेली. त्यात प्रत्येक क्रमांकापुढे दोन-तीन ओळी: ‘कणीस जांभळट, खडकाच्या फटीत’, ‘मुळाशी लाल माती’, ‘जनावरांनी कुरतडलेलं’. लाल माती अजून मुळांत होती. कुरतडलेली टोकं दिसत होती. असं करत नऊ जुळल्या. त्यांत मी चिकटवलेल्या तिघांपैकी एक बरोबर निघाली, दोन चूक. पाच उरल्या त्या उरल्याच.

बाईंनी त्या पाच शीट्सवर माझ्याच हाताने लिहायला लावलं: ‘नमुना व चिठ्ठी यांची जोडी अनिश्चित. पुनर्बांधणीच्या वेळी सरमिसळ.’ खाली तारीख आणि माझी सही. पाचही वेळा.

सहा वर्षांनी एका संशोधकाचं पत्र आलं. त्याला याच गवताच्या उंचावरच्या ठिकाणच्या पानाचा तुकडा डीएनएसाठी हवा होता; यादीत त्याला आमच्याकडचा क्रमांक दिसला होता. तो क्रमांक त्या पाचांतला. मी कळवलं की पाचांपैकी कुठलीही शीट त्या ठिकाणची असू शकते आणि हे माझ्यामुळे झालं आहे. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. संग्राहकाने त्याच क्रमांकाची दुसरी प्रत दुसऱ्या एका हर्बेरियमला पाठवली होती, ती तो मागवेल. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. प्रती वाटायची पद्धत कुणी सुरू केली असेल त्याच्या मी त्या दिवशी मनातल्या मनात पाया पडले.

गेल्या आठवड्यात चढवता चढवता त्या पाच शीट्स माझ्याच टेबलावर आल्या. ठिकाणाचा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देत नाही. ‘अनिश्चित’ लिहिलं तर लाल होतो. शेवटी मी पाचही ठिकाणांची नावं एकाखाली एक लिहिली, पाचही शीट्सना तीच पाच. शेऱ्याच्या रकान्यात दोनशे अक्षरं बसतात. सरमिसळ, वर्ष, पंखा आणि माझं पूर्ण नाव, सगळं मावलं. अठरा अक्षरं उरली.

पंख्याचं लिहायची गरज नव्हती, असं शेजारच्या मुलाचं म्हणणं पडलं. मी ते ठेवलं.